दुर्बिणीचं ऑपरेशन

फुफ्फुसातली गाठ काढावी लागणार हे नक्की झालं, तेव्हा मालकांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "घाव केवढा राहील?" नवऱ्याला आमच्या राहुरीकडे मालक म्हणतात, मीही म्हणत आले आहे. मला वाटलं, माझ्या काळजीने विचारताहेत.

पुण्याचे ते डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी कागदावर दोन फुफ्फुसं काढली, उजव्याचे तीन कप्पे पाडले आणि वरच्या कप्प्यात पेनाने एक ठिपका दिला.

"ही तुमची गाठ, ताई. लवकर सापडली हे नशीब समजा. पूर्वी आम्ही पाठीपासून छातीपर्यंत कापायचो, बरगड्या फाकवायचो. माणूस महिनोन्‌महिने कण्हायचा. आता काखेखाली तीन लहान भोकं पाडतो. एकातून दुर्बीण जाते, म्हणजे कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. समोर टीव्हीवर बघत काम करायचं. हा वरचा कप्पा सोडवायचा, आतल्या आत पिशवीत घालायचा आणि त्यातल्या त्यात मोठ्या भोकातून बाहेर ओढून घ्यायचा."

"म्हंजी बाहेरून कुनाला कळनार न्हाई," मालक म्हणाले.

डॉक्टर हसले. "ब्लाऊज घातला की काहीच दिसणार नाही."

त्यांना वाटलं असेल, बायकोच्या अंगावर व्रण राहू नये असं या माणसाला वाटतंय. मालकांच्या डोक्यात मुलीचं लग्न होतं. तिची सोयरीक संगमनेरकडच्या एका घरात जुळत आली होती. मुलाकडचे येऊन बघून गेले होते, पसंती कळवली होती, साखरपुड्याची तारीख तेवढी धरायची होती. आईला कॅन्सर आहे म्हटल्यावर ते लोक दारात परत उभे राहिले नसते. म्हणून घाव लहान हवा होता.

त्याआधी वर्षभर मी खोकत होते. तालुक्याच्या डॉक्टरने आधी खोकल्याच्या बाटल्या दिल्या, मग छातीचा फोटो काढून क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. थुंकीत काहीच सापडत नव्हतं, तरी गोळ्या चालूच राहिल्या. सासूबाईंनी माझं ताट आणि तांब्या वेगळा केला. आम्ही सुना त्यांना आत्या म्हणतो. आत्या माझं ताट गोठ्याच्या वळचणीला पालथं घालून ठेवायच्या, जेवायच्या वेळी मी ते तिथून उचलून आणायचं. खोकला हटेना, तेव्हा नगरला मोठं स्कॅन झालं, सुई घालून तुकडा काढला आणि क्षय नसून कॅन्सर असल्याचं कळलं.

नगरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "तंबाखू, मिश्री, बिडी, यातलं काही?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"तरीही होतो. चुलीच्या धुराने होतो, घरातल्या दुसऱ्याच्या सिगारेटने होतो. कधी काहीच कारण सापडत नाही."

परत येताना मालकांनी कृषी विद्यापीठाच्या फाट्यावर पिकअप थांबवली आणि खाली उतरून बिडी पेटवली. ते लग्नाआधीपासून ओढतात. धूर सोडत खिडकीशी आले आणि म्हणाले, "खरं सांग. माहेरात असताना वढत हुतीस का?"

मी काच वर केली.

घरी आल्यावर आत्यांनी सगळ्यांना बसवून ठरवून दिलं. "फुफ्फुसात पानी झालं हुतं म्हनायचं. पोरीला बी तेच सांगायचं. तिच्या तोंडून कुठं सुटायला नको." मुलगी तेव्हा बी.फार्मसी करून घरीच होती. आईच्या छातीतलं पाणी काढायला पुण्याला नेताहेत एवढंच तिला सांगितलं. मी पुण्यात असताना गायींचं सगळं तिनेच केलं.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. झोपवताना भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या की उजवं फुफ्फुस मिटवून ठेवणार आणि काम होईपर्यंत डाव्याने श्वास चालवणार. जाग आली तेव्हा बरगड्यांमधून एक जाड नळी बाहेर आली होती आणि खाटेखालच्या बाटलीत तिचे बुडबुडे येत होते. खोकलं की बुडबुडे जास्त यायचे. व्यायाम घेणारी मुलगी यायची आणि एक प्लॅस्टिकचं यंत्र तोंडाशी धरायची. त्यातले तीन चेंडू श्वास ओढून वर उचलायचे असतात. माझा एकच वर यायचा. ती म्हणायची, "अजून, अजून," आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिची गाठ मोठी आणि अडचणीच्या जागी होती, म्हणून तिची छाती जुन्या पद्धतीने उघडावी लागली होती. तिच्या पाठीवरून काखेखालपर्यंत पट्टी होती. दोन सुना आळीपाळीने उशाशी बसायच्या, मुलगा पाय चेपायचा. ती कण्हली की तिघंही उठायची. मालक पहिले दोन दिवस बाकावर बसून होते, मग गायींचं कारण सांगून गावी गेले. मी पडल्या पडल्या त्या म्हातारीच्या पट्टीकडे बघत राहायचे. मला तिच्या घावाचा हेवा वाटायचा, खरंच वाटायचा.

नळी काढली आणि लगेच घरी सोडलं. सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "रोज चाला, फिरा, पडून राहू नका. पण सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. आणि गळा किंवा चेहरा सुजला, दम लागला, तर आतून हवा सुटली समजा, एक क्षण घालवू नका, जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा." मालकांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं.

आजाऱ्याला बघायला वस्तीवरच्या बायका आल्या. शहाळी आणली, बिस्किटं आणली. थोडा वेळ गप्पा झाल्या की कोणीतरी म्हणायचं, "दाखव की." मी ब्लाऊज वर करून काखेखालचे टाके दाखवायचे. दोन नखाएवढे, एक बोटाएवढा.

"एवढंच?" प्रत्येकीचा चेहरा पडायचा.

धाकटी जाऊ तर हसलीच. "बाई, आवो हे दुर्बिणीचं तर माझं बी झालंय की."

आमच्या भागात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे मूल बंद करायचं ऑपरेशन. सरकारी दवाखान्यात शिबिर लागतं, बायका सकाळी जातात आणि संध्याकाळी रिक्षाने घरी येतात. जाऊ सगळ्यांना सांगू लागली, "तिसऱ्या दिवशी मी कांदं काढायला गेल्ते. नुसतं पानी तर काढलं यांच्या छातीतलं." बायकांनी माना डोलावल्या. एकीने आपला सिझरचा व्रण दाखवला, तो खरोखरच मोठा होता. त्यानंतर कोणी आलं नाही.

मी काय सांगणार होते? माझं एक तृतीयांश फुफ्फुस पुण्यात राहिलंय, हे सांगायचं नाही असं ठरलं होतं.

आठवडाभरात आत्या म्हणाल्या, "बसून बसून अंग जड पडतं." मी गोठ्यात गेले. धार काढायला बसलं की उजव्या स्तनाखाली कोणीतरी मिरची चोळावी तशी आग व्हायची. ब्लाऊजचं कापड लागलं तरी सहन व्हायचं नाही, आणि त्याच पट्ट्यात मध्येच एक जागा अशी की चिमटा काढला तरी कळायचं नाही. भोकं पाडताना बरगडीखालची शीर दुखावते, काही महिने असं होतं, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. मालकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "टाकं तर सुकल्यात."

टाके सुकले होतेच. कोणीही येऊन बघावं इतके छान सुकले होते.

तपासणीचा निकाल आला. कॅन्सर पसरतो त्या आजूबाजूच्या लहान गाठी स्वच्छ निघाल्या, केमोची गरज नव्हती. मालकांनी फोन खाली ठेवला आणि आत्यांना म्हणाले, "काय बी नव्हतं." त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. मला त्या आनंदात चिडता येईना आणि हसताही येईना.

सहा आठवडे सरायच्या आतच साखरपुडा आमच्याच अंगणात झाला. पुढे ढकलू या असं मी एकदा म्हटलं होतं. आत्या म्हणाल्या, "कशापायी? लोकं इचारतील त्याचं काय सांगू?" मांडव घातला, आचारी बोलावला. मुलीने मोरपंखी शालू नेसला होता आणि ती खरंच सुंदर दिसत होती. मला आत्यांनी त्यांची ठुशी घालायला दिली, गळ्याला घट्ट बसणारी.

पाहुणे बसले होते. आचाऱ्याने पाणी मागितलं. मालक पाहुण्यांत होते. तिथून मला म्हणाले, "अगं, तेवढा हंडा दे त्याला." जाऊ पानं मांडत होती. पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणायचं? मी हंडा उचलून कमरेवर घेतला. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. दुखलं असंही म्हणता येणार नाही. शिवण उसवते तसं. मग जोराची उबळ आली आणि मी मांडवाच्या खांबाला धरून खोकत राहिले.

ओटी भरायला बसले तेव्हा ठुशी रुतायला लागली. मी बोट घालून सैल करून पाहिली, बोट आत जाईना. डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या. समोर बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या. माझा आवाज नाकातून आल्यासारखा येत होता, तो मलाच ओळखू येईना.

"अहो, तुमचं तोंड सुजलंय," मुलाची आई म्हणाली.

"पित्त उठलंय," आत्या पटकन म्हणाल्या. "तिला शेंगदानं सोसत न्हाईत."

विहीणबाईंनी मला हळदी-कुंकू लावायला हात पुढे केला. आधाराला त्यांची बोटं माझ्या गालावर टेकली आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला. गाल दाबला की कातडीखाली कुरकुर वाजत होतं, भाजलेला पापड चुरल्यासारखं.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "हे पित्त नाही."

डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवत होतं. गळा सुजला तर एक क्षण घालवू नका. मी मालकांकडे पाहिलं. ते पाहुण्यांच्या पलीकडून माझ्याकडे बघत होते आणि मान हलवत होते, नाही म्हणून.

"कॅन्सर होता," मी म्हटलं. "फुफ्फुसाचा वरचा भाग काढलाय. तिथून हवा सुटलीय. मला दवाखान्यात न्या."

कोणी उठलं नाही. आत्या म्हणाल्या, "अशा टायमाला असं बोलत असत्यात व्हय?" विहीणबाई उठल्या. त्या म्हणाल्या, "आधी यांना घेऊन जा," आणि ठुशीची कडी त्यांनीच मागून काढली. मग हात धुवायला गेल्या. त्यांनी हात बराच वेळ धुतले, साबण लावून, दोनदा.

मालकांनी पिकअप काढली. मुलगी शालू सावरत माझ्या शेजारी चढून बसली. आईला कॅन्सर होता हे तिला मांडवात, परक्या लोकांबरोबर कळलं होतं. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांतून गाडी उडत होती. मला वाटलं, ती आता माझा हात धरेल. माझे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते, त्यामुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"आई," ती म्हणाली, "दोन तास गप्प बसता आलं नसतं का तुला?"



नगरला बरगड्यांमधून पुन्हा नळी घातली, या वेळी अर्धवट सुन्न करून. पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. जिथे कप्पा कापून आतून टाचलेला होता, तिथली एक जागा सुटली होती. तिथून निघालेली हवा कातडीखाली भरत वर चढली होती. नळी घालणाऱ्या डॉक्टरने विचारलं, "जड काही उचललं होतं?"

"न्हाई साहेब," मालक म्हणाले. "आमी हिला जाग्यावरनं उठू देत न्हाई."

"पाण्याने भरलेला हंडा उचलला," मी म्हटलं. "आणि घरी आल्यापासून शेणाच्या पाट्या उचलतेय."

डॉक्टरने मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावला तो माझ्यावर. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. एवढं कळायला नको? तुमचा जीव गेला असता."

मालक लगेच म्हणाले, "मी बी तेच सांगतो तिला."

त्या वेळी वस्तीवरचे लोक नगरला मला बघायला आले, जीप करून आले. माझा चेहरा भोपळ्यासारखा झाला होता, गळा आणि खांदे एक झाले होते. बायका पदर तोंडाला लावून रडल्या. जाऊ माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "बाई, मला ठावं नव्हतं वो." एवढ्या लोकांना एकदम माझी दया आली, कारण आता काहीतरी दिसत होतं. सूज आठ-दहा दिवसांत उतरली आणि येणारी माणसंही कमी झाली.

सोयरीक मोडली. मध्यस्थ येऊन मालकांना ओट्यावरच सांगून गेला. "उद्या पोरीला निघालं तर, असं म्हनत्यात ते." मुलगी आत बसून ऐकत होती. आत्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. ते मला फारसं जड गेलं नाही. मुलीने सोडलं ते गेलं. तिने नगरला औषधांच्या दुकानात नोकरी धरली, खोली घेतली आणि वडिलांना फोन करू लागली. माझी चौकशी ती त्यांच्याकडे करायची, "ती काय करते?" असं. ते स्पीकर लावून बोलत, म्हणून मला ऐकू येई.

मी मात्र गोठ्यात परत गेले नाही. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता सगळी कामं करा, काही अडचण नाही. हे मी घरी सांगितलं नाही. मी खाटेवर पडून राहायचे आणि मालक पहाटे धारा काढायला जाताना बघायचे. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. बसताना आणि उठताना ते तोंडाने आवाज करायचे. मी उठून बसू शकत होते, चालू शकत होते, संध्याकाळी कालव्याच्या कडेने पार पुलापर्यंत जाऊन येत होते. पण बादली उचलायची वेळ आली की काखेखाली हात धरायचे. शेवटी त्यांनी निम्म्या गायी विकल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दिवाळीला मुलगी आली. पाडव्याच्या दुपारी मी शेवटचे अनारसे तळत होते आणि ती दारात उभी होती. म्हणाली, "मी माझं स्कॅन करून घेतलं. काही नाही निघालं."

"बरं झालं," मी म्हटलं.

"तू मेली असतीस ना, तर मला एवढंच माहीत असतं की तुझ्या छातीत पाणी झालं होतं." ती हे रागाने बोलली नाही. तेल तापलं होतं, मी अनारसा सोडला. मग तिने झारा माझ्या हातातून घेतला आणि मला बसायला सांगितलं. आता ती मला फोन करते, पण थोडक्यात.

कॅन्सर आता कोणापासून लपलेला नाही. उलट मालक त्यातले जाणकार झालेत. डेअरीवर कोणाच्या घरातल्याचं असलं काही निघालं की ते सांगतात, "भ्यायचं न्हाई. दुर्बिणीचं करायचं. आमच्या हिचं झालंय, चार दिवसांत घरी, घाव सुद्धा दिसत न्हाई." मागच्या महिन्यात त्यांनी अकोले तालुक्यातल्या एका माणसाला त्याच्या बायकोसह घरी आणलं. तिलाही वरच्याच कप्प्यात गाठ होती, डाव्या बाजूला. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. भातशेती, दोन म्हशी, घरात सासू-सासरे. पुरुष ओट्यावर बसले आणि ती माझ्याबरोबर आत आली.

"लई दुखतं का वो?" तिने विचारलं.

"दुखतं. पण जुन्या ऑपरेशनपेक्षा कमी. गाठ जाते, हे खरं आहे. माझं स्कॅन अजून स्वच्छ येतंय. करून घे, टाळू नकोस."

"मंग?" माझं बोलणं संपलेलं नाही हे तिला कळलं होतं.

"माहेरी कोण आहे?"

"भाऊ हाय. भावजय हाय."

"तिथे राहा दोन महिने. घरी जाऊ नकोस. आणि टाके कुणाला दाखवू नकोस. सासूला नाही, जावांना नाही, बघायला आलेल्या बायकांना तर मुळीच नाही. विचारलं तर सांग, छाती उघडली, बरगड्या फाकवल्या, पाठीपर्यंत कापलंय."

"खोटं सांगू?"

"हो."

"आन्‌ मालक सोबत असनार दवाखान्यात. त्यांला तर दिसंल."

याचा मी विचार केला नव्हता. बाहेर तिचा नवरा माझ्या मालकांना विचारत होता की किती दिवसांत बाई शेतात जाऊ शकते, आणि मालक त्याला सांगत होते.

"नर्सबाईंना सांग," मी म्हटलं. "पट्टी मोठी लावा म्हणावं. पाठीपर्यंत."

तिने मान हलवली, पण ती सांगेल असं मला वाटलं नाही. तसली बाई नव्हती ती. जाताना माझ्या पाया पडली आणि बाहेर मोटारसायकल चालू झाली तशी पदर खोचत घाईने निघाली. पुढे तिचं काय झालं ते मला कळलेलं नाही.